काळी जमीन व पावसाचे पाणी : झरी जामणी तालुक्याच्या संदर्भात एक अभ्यास

कोरडवाहू शेती म्हणजे कमी पावसाची शेती, असा समज सर्वत्र रूढ आहे. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यास तो लागू पडत नाही. येथे सर्वसाधारण वर्षी ९०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तरीही येथील कापूस व तूर बहुतांशी पावसावरच अवलंबून असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला की पात्या व बोंडे गळतात आणि वर्षाची कमाई हातची जाते. पाऊस पुरेसा असून पाणी का पुरत नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर-भंडाऱ्याकडे तलावांची परंपरा गोंड राजवटीपासूनची आहे. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे भात पिकतो व भातास उभे पाणी लागते. यवतमाळच्या कापूस-पट्ट्यात ही परंपरा तशी रुजली नाही. त्याचे कारण आळस नव्हे. भारी काळी जमीन स्वतःच पाण्याची कोठी आहे. तिच्या ओलीवर ज्वारी, तूर, कापूस तयार होत. जमीन धरील तेवढे पाणी शेताचे व उरलेले नाल्याचे, अशी रीत पडली.

पावसाचे पाणी शेतात अडवावे, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारी शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असे सुचविले होते. त्यानंतर १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले. शास्त्रीय प्रयोगांस पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली आरंभ झाला आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात ते विस्ताराने झाले. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, पेरणीपूर्वी वारंवार वखरणी, विरळ पेरणी व वेळच्या वेळी कोळपणी ही त्या पद्धतीची अंगे होत. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात राज्यभर बांधांची कामे निघाली आणि हीच पद्धत सर्व प्रकारच्या जमिनींवर सरसकट लावण्याची प्रवृत्ती वाढली.

येथेच विचार करावयास हवा. सोलापूरचा पाऊस कमी व लहरी. तेथे प्रत्येक थेंब अडविणे योग्य होते. झरी जामणीच्या खोल काळ्या जमिनीत अडचण दुहेरी आहे. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. पहिले पाऊस त्या भेगांतून खाली उतरतात. परंतु चिकणमाती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याची गती फार मंदावते. जुलैच्या मुसळधार पावसात समतल बांधामागे पाणी तुंबते, कपाशी पिवळी पडते आणि भेगाळलेला बांध फुटून खालच्या शेतात घळ पडते. त्याच शेतात सप्टेंबरमध्ये ओल अपुरी ठरते.

म्हणून उपाय जमिनीगणिक निराळा हवा. कोलाम पोडांच्या आसपासच्या उतारावरील उथळ, मुरमाड जमिनीत समतल बांध उपयुक्त ठरतात, कारण तेथे पाणी लवकर मुरते. खालच्या भारी जमिनीत शंभर मीटरला २० ते ४० सेंटीमीटर उताराचे ढाळीचे बांध घालून जादा पाणी सावकाश नाल्याकडे न्यावे. पेरणी उतारास आडवी करावी. पीक महिना-सव्वा महिन्याचे झाल्यावर डवऱ्यास दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या काढाव्यात. यास डवरणीखेरीज वेगळा खर्च येत नाही. सरीत पाणी थांबते, मुरते व अधिक झाल्यास वाहून जाते.

बाहेर गेलेले पाणी शेततळ्यात घेता येते. त्याचा हिशेब शेतकऱ्यास प्रत्यक्ष करून दाखवावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. वर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर व बाजूंस एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. बाष्पीभवन व झिरपा यांत निम्मे गेले असे धरले, तरी ५ सेंटीमीटरचे एक पाणी दोन हेक्टरांस पुरते. बोंडे भरण्याच्या वेळी मिळालेल्या या एका पाण्यावर पुष्कळदा हंगाम तरतो. हे पाणी हंगामभर थोडे थोडे देत बसू नये. खंडासाठी राखून ठेवावे.

मोठ्या प्रकल्पांकडे पाहणे स्वाभाविक आहे. १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेल्या केंद्राच्या पॅकेजमध्येही पाटबंधाऱ्यांचा वाटा मोठा होता. परंतु पैनगंगेचे पात्र खोल आहे व माथ्यावरच्या शेतास कालव्याचे पाणी सहजी चढणारे नाही.

ढाळीच्या बांधांत खरी अडचण आखणीची नसून धुऱ्याची असते. वरच्या शेतातील जादा पाणी खालच्या शेतातून गेल्यावाचून नाल्यास पोहोचत नाही आणि त्यावरून वर्षानुवर्षे भांडणे चालतात. यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्याने एकेका शेताचा नव्हे, तर एका नाल्यास मिळणाऱ्या सर्व शेतांचा नकाशा मे महिन्यापूर्वी तयार करावा. सर्व धुरेकऱ्यांना एकत्र बांधावर न्यावे, पाण्याची वाट खुंट्या मारून निश्चित करावी व तीत गवत वाढू द्यावे. आखणी माथ्यापासून पायथ्याकडे करावी.