आषाढी, कार्तिकी आणि 'हत्ती' : पंढरपूर परिसरातील नक्षत्रवाचक शब्दांचा विचार

पंढरपूरच्या चार प्रमुख यात्रा चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या नावांनी ओळखल्या जातात. ही चारही नावे मुळात रात्रीच्या आकाशाची आहेत, ही बाब मात्र सहसा ध्यानात येत नाही. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्याला नाव द्यावयाचे, ही प्राचीन पद्धती होय. चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, मघेवरून माघ. आणि 'अजिंक्य' असा अर्थ असलेल्या अषाढा या नक्षत्रावरून आषाढ. एकादशीला चंद्र या नक्षत्राच्या सुमारे चार नक्षत्रे मागे असतो. गोपाळकाल्यापर्यंत, म्हणजे पौर्णिमेपर्यंत, थांबणाऱ्या वारकऱ्यालाच नाव आणि आकाश यांचा मेळ दिसू शकेल. आणि आषाढात तोही बहुधा ढगांआड. कार्तिकीचे आकाश त्या मानाने उदार.

लोकभाषेत 'आषाढ'चे 'आखाड' झाले. 'ष'चा 'ख' होणे हे 'भाषा–भाखा' याप्रमाणेच. परंतु घरात 'आखाड तळणे' असे म्हणणारी व्यक्ती एकादशीला बहुधा 'आषाढी'च म्हणते. एकाच शब्दाची दोन रूपे स्वयंपाकघर आणि देऊळ यांनी अशी वाटून घेतली आहेत.

'चंद्रभागा' या नावाविषयी सावधगिरी हवी. भीमा येथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून हे नाव, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु पंजाबातील चिनाबचेही प्राचीन नाव चंद्रभागाच आहे. तेव्हा नाव आधी आले आणि कोरीचे कारण मागाहून सुचले, ही शक्यता नाकारता येत नाही.

चंद्राच्या शब्दकुळात मराठीने एक स्वतंत्र वाट धरली आहे. 'चंद्र' या शब्दावरून चांद, चांदणे. आणि त्याच कुळातील 'चांदणी' मराठीत तारा झाली. हिंदीत 'चाँदनी' म्हणजे चंद्रप्रकाशच. त्यामुळे अमावास्येच्या आकाशातही मराठी माणूस चांदण्या मोजतो. शुक्र हा ग्रह असूनही 'शुक्राची चांदणी' या बोलण्यात कोणाला विसंगती जाणवत नाही.

खरा पेच 'नक्षत्र' या शब्दाचा आहे. कोकणीत 'नखेत्र' म्हणजे आजही तारा. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी मात्र नक्षत्र म्हणजे सुमारे तेरा-चौदा दिवसांचा पावसाळी कालखंड. ते 'लागते', 'निघते', 'कोरडे जाते'. सूर्य ज्या नक्षत्रात असेल ते हे नक्षत्र, म्हणजेच नेमके त्या दिवसांत रात्री न दिसणारे. मृग लागतो तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या तेजात लपलेले असतात. ते तारे दिसतात हिवाळ्यात, आणि तेव्हा त्यांना नाव असते 'तिकांडे'. तीन पेरांचा बाण या अर्थी 'त्रिकाण्ड' हा शब्द ऐतरेय ब्राह्मणात याच संदर्भात येतो. त्याचाच हा मराठी वारस. एका तारकासमूहाची दोन नावे अशी दोन ऋतूंना वाटली गेली, आणि दोहोंचा संबंध सांगणारे थोडेच उरले.

या भागाचा जीव मृगापेक्षा हस्तावर अधिक. सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर हा भर पावसाचा महिना. रब्बी ज्वारीची पेरणी याच सुमाराची. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची मदार बरीचशी या ओलीवर. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात जातो आणि मुली पाटावर हत्ती काढून हादगा खेळू लागतात. हस्त म्हणजे हात. पाच ताऱ्यांचा पंजा. मग हत्ती कोठून आला? लोकव्युत्पत्ती म्हणून हा प्रश्न निकालात काढला जातो. वस्तुतः 'हस्त' या शब्दापासून प्राकृत 'हत्थ' व पुढे 'हात'. तर 'हस्तिन्' म्हणजे हात असलेला, सोंडवाला प्राणी, त्यापासून 'हत्थि' व 'हत्ती'. चूक म्हटली तरी ती मूळ धातूच्या अंगणातच घुटमळते. शिवाय नक्षत्रांना बेडूक, गाढव, हत्ती अशी 'वाहने' देणाऱ्या पंचांगामुळे घोटाळ्यात भरच पडते. हस्ताचे वाहन एखाद्या वर्षी गाढवही निघते, तरी पाटावर हत्तीच असतो.

हस्ताचा तो पंजा प्रत्यक्ष पाहावयाचा तर वैशाखात, दक्षिणेकडे, पहिल्या प्रहरी. त्या वेळी शेत उघडे पडलेले असते आणि त्याला 'हत्ती' म्हणावे असे कोणाला सुचत नाही.