सुरुंग आणि त्याचा राखणदार

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. पवारांच्या मागोमाग गेलेली अनेक मराठी घराणी आजही तेथे नांदत आहेत. अशाच एका घरात माझी आत्या दिलेली होती. विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुटीत मी देवासला तिच्याकडे गेलो असता मामांनी मला धारजवळच्या शेतावर नेले. तेथे विहिरीचे काम चालू होते. मुरूम संपून काळा पाषाण लागला होता व तो फोडण्यासाठी सुरुंग लावीत होते.

सुरुंगवाल्या उस्तादाने सात भोके ठासली, लाल निशाण रोवले, शिट्टी फुंकून माणसे व गुरे दूर घालवली आणि वाती पेटवून तो वर आला. मी आवाज मोजत होतो. सहा झाले. धूर निवळताच मी विहिरीकडे धावलो, तोच मामांनी माझा दंड धरला. "थांब बाळ, एक अजून आत आहे!" त्या दिवशी विहिरीत कोणीही उतरले नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादाने त्या मुक्या भोकाला हात न लावता काही अंतरावर नवे भोक पाडून ते उडवले.

विद्यार्थी मित्रहो, 'सुरुंग' हा शब्द जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना 'सुरंग' म्हटले की दक्षिण कन्नड व कासरगोडकडील पाण्याचा बोगदा आठवेल. युद्धातील भूसुरुंग मात्र या साऱ्यांहून वेगळा. विहिरीच्या सुरुंगाला राखणदार असतो. तो कधी उडावा हे माणूस ठरवतो. भूसुरुंगाला राखणदार नसतो. ज्याचा पाय पडेल तोच त्याची वात पेटवतो. तो पाय सैनिकाचा की गुराख्याचा, हे त्याला कळत नाही. आणि युद्ध संपले हेही कळत नाही.

त्याची रचना साधी असते : प्लास्टिकचे वा धातूचे कवच, दाबाने खचणारी तबकडी, स्फोटक पेटवणारी यंत्रणा आणि मुख्य स्फोटक. काही प्रकारांत हे स्फोटक तीस ग्रॅमहूनही कमी असते. पाऊल निकामी करण्यास तेवढे पुरते. तयार करणे स्वस्त, शोधून काढणे मात्र महाग व जिवावरचे. २०२३ साली जगात भूसुरुंग व युद्धातील अन्य बेवारस स्फोटकांमुळे किमान ५,७५७ माणसे मृत वा जखमी झाल्याची नोंद आहे. ज्यांची ओळख पटली त्यांत सुमारे ८४ टक्के सामान्य नागरिक होते.

यासाठीच १९९७ साली ओटावा करार झाला व १ मार्च १९९९ पासून तो अमलात आला. माणसाच्या पायाने उडणाऱ्या सुरुंगांचा वापर, निर्मिती, साठा व विक्री त्याने निषिद्ध ठरवली. भारताने, सीमारक्षणाची गरज सांगून, त्यावर सही केलेली नाही. तथापि १९९६ च्या सुधारित नियमावलीचे बंधन भारताने मान्य केले आहे. त्यानुसार शोधयंत्राला न सापडणारे असे सुरुंग वापरता येत नाहीत. सुरुंगक्षेत्राची नोंद ठेवावी लागते. २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि तीन बाल्टिक देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली, ही चिंतेची गोष्ट होय.

परंतु राखणदार सुटला म्हणजे विहिरीचे स्फोटकही तितकेच घातक ठरते. धारला लागून असलेल्या झाबुआ जिल्ह्यात, पेटलावद गावी, १२ सप्टेंबर २०१५ रोजी वस्तीत बेकायदा साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट होऊन सत्तरहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे १८८४ पासून स्फोटकांचा कायदा आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा कायदा नव्हता असे नाही. मोजदाद ठेवणारा माणूस नव्हता.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. शेतात, खाणीजवळ वा लष्करी सरावाच्या मैदानाशेजारी अनोळखी वस्तू दिसली तर तिला हात लावू नका, दगड मारू नका. आल्या वाटेने मागे फिरा, इतरांना अडवा आणि पोलिसांना कळवा. सातवा आवाज न मोजता मी धावलो होतो. मला मागे ओढणारा हात होता, म्हणून आज हा लेख लिहीत आहे.