खंडेनवमीची आंघोळ

खंडेनवमी जवळ आली की सोलापुरातल्या वॉशिंग सेंटरांवर दुचाक्यांची रांग लागते. फेस उडतो, प्रेशरचं पाणी चाकाच्या मधोमध सणसणत शिरतं, आणि मग हळदकुंकू, झेंडूचा हार. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या प्रस्तुत लेखकानेही आपली दहा वर्षांची १०० सीसी मोटारसायकल अशीच न्हाऊमाखू घातली, पूजली आणि पुढचे चार दिवस बोळात उभी करून ठेवली. त्या आंघोळीची तिला सर्दी झाली, हे त्याला तुळजापूरच्या घाटात कळलं.

तशी गाडी आधीपासून सांगत होती. मागच्या ब्रेकचं पेडल घट्ट लागायचं आणि दाबून सोडलं की रुसल्यासारखं सावकाश वर यायचं. ब्रेक नीट धरत नाही म्हणून लेखकाने सगळ्यांत सोपा उद्योग केला : मागच्या चाकापाशी रॉडचा जो नट असतो तो चांगला चार फेरे आवळला. एका मित्राने सल्ला दिला, ‘‘जळकं ऑइल सोड बे, मोकळं होतंय.’’ तेही केलं. पेडल किंचित मऊ झाल्यासारखं वाटलं. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची गर्दी उसळते, त्याआधी दर्शन उरकावं म्हणून तो पत्नीला मागे बसवून निघाला.

अंतर सुमारे ४५ किलोमीटर. वाटेत एका पोराने गाडी शेजारी घेऊन ओरडून सांगितलं, ‘‘काका, ब्रेक लाइट चालूच आहे!’’ काकांनी मान हलवली आणि पुढे निघाले. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली तरी ओढेना. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे थांबले. मागच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, ते चुर्र करून उडालं. (हाही मूर्खपणाच. तापलेल्या धातूवर गार पाणी टाकू नये. तडा जाऊ शकतो.) शेवटी नट ढिला केला आणि चाक गार होईपर्यंत अर्धा तास कडेला बसून काढला. पत्नी त्या अर्ध्या तासात काय बोलली, ते इथे देण्याचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. लेखकाला वाटलं, आता चाक खोलतील. अण्णांनी चाकाला हातच लावला नाही. त्यांनी फक्त ब्रेकचा रॉड मागच्या आर्मपासून सोडवला आणि पेडल हाताने दाबून पाहिलं. ते लोण्यासारखं खाली गेलं, टपकन वर आलं. ‘‘पेडलला काही झालं नाही, साहेब.’’ मग मोकळा झालेला आर्म धरून ढकलला. तो हलेना.

एवढ्यावर निदान झालं.

ड्रम ब्रेकची साखळी साधी आहे. पेडल रॉड ओढतं, रॉड आर्म फिरवतो, आर्मबरोबर ब्रेक प्लेटमधून आत गेलेला कॅम फिरतो आणि दोन लायनर फाकवून ड्रमवर दाबतो. पाय उचलला की स्प्रिंगांनी सगळं परत आणायचं. कॅमची दांडी ज्या भोकातून जाते तिथलं ग्रीस वाळलं आणि फवाऱ्याचं पाणी शिरलं, की गाडी उभी असताना गंज धरतो. मग पाय जोर लावून कॅम फिरवतो खरा, पण परत फिरवण्याइतकी ताकद स्प्रिंगांत उरत नाही. पेडल अर्धवट खालीच राहतं, म्हणून दिवा जळत राहतो. त्यात पेडलला जी मोकळी चाल हवी, अनेक साध्या गाड्यांच्या पुस्तिकांत ती २० ते ३० मिलिमीटर दिलेली असते, ती लेखकाने नट आवळून संपवली होती. लायनर वाटभर घासत गेले. मग चाक खोललं, तर जळकं ऑइल झिरपून आत पोचलं होतं. असे तेल प्यायलेले लायनर धुऊन वापरता येत नाहीत, ते फेकावेच लागले. कॅम मात्र वाचला : डिझेलने धुतला, पॉलिश पेपर मारला, दांडीला ग्रीसचं बोट फिरवलं. लेखक वाकून ड्रममधली धूळ फुंकायला लागला तेव्हा अण्णांनी त्याचा दंड धरून मागे ओढलं. लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती ओल्या फडक्याने टिपायची.

रॉड सोडवल्यावरही पेडल घट्टच राहिलं असतं, तर दोष पेडलच्या खिळीत निघाला असता, किंवा गाडी पडून वाकलेल्या फूटरेस्टला ते घासत असतं. पेडल आणि आर्म दोन्ही मोकळे असतील तर लायनर पाहावेत. बऱ्याच गाड्यांत आर्मपाशी बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला भिडला, की लायनर संपले.

नव्या गाड्यांसाठी अण्णांच्या तपासात एक पायरी वाढते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकच्या मोटारसायकलीत मागचं पेडल एका केबलने पुढचा ब्रेकही ओढतं. ती केबल गंजली तरी पाय मागच्या चाकालाच दोष देतो.

डिस्क ब्रेकचं तंत्र वेगळं, पण मधोमध तोडून पाहायची युक्ती तीच. चाक जाम असताना मास्टर सिलिंडरपाशी पाइपचा बोल्ट जरा ढिला केला आणि चाक सुटलं, तर तेल परत घेणारं छिद्र तुंबलंय किंवा पेडलला मोकळी चाल नाही. तिथे न सुटता कॅलिपरच्या निपलपाशी सुटलं, तर पाइप आतून फुगलाय. दोन्हीकडे नाही सुटलं, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना धरल्यात. हे काम जाणकाराच्या हातूनच व्हावं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं आणि नंतर हवा काढावी लागते. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतणारे महाभागही असतात. त्याने आतली रबरं फुगतात आणि पेडल दगड होतं. जळकं ऑइलवाला मित्र अलीकडेच डिस्कची गाडी घेऊन आलाय, लेखकाला त्याची काळजी वाटते.

पावसाळा संपला की लेखक आता कॅमला ग्रीस करून घेतो आणि गाडी धुतल्यावर किलोमीटरभर हलका ब्रेक लावत फिरवून आणतो. यंदा खंडेनवमीच्या आधी वॉशिंगच्या पोराला त्याने बजावलं, ‘‘बाळा, चाकाच्या मधोमध पाणी मारू नको.’’ पोराने शहाण्यासारखी मान डोलावली आणि फवारा चेनवर धरला.