काचेवरची चांदी आणि नगरचा उन्हाळा

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत काचेवरचे जुने फोटो सापडले. काचेवर फोटो उमटतो कसा? तसाच मातीच्या ताटलीवर किंवा कागदावर घरी उमटवता येईल का? (एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर)

उत्तर : येईल, पण आधी तुमच्या काचा नीट पाहा. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे (मॅजिक लँटर्नचे) खेळ सुरू केले, तेही काचांचेच; पण त्या काचा हाताने रंगवलेल्या. तुमच्या काचेवर चेहरे काळे, केस पांढरे दिसत असतील आणि तिची एक बाजू निस्तेज असेल, तर ती चांदीची निगेटिव्ह आहे. त्या निस्तेज बाजूला जिलेटिनचा थर असतो आणि थरात चांदीचे सूक्ष्म कण.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी कलोडियन नावाचे द्रावण लावलेली काच ओली असतानाच फोटो घेऊन धुवावी लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने सिल्व्हर ब्रोमाईड जिलेटिनमध्ये मिसळण्याची रीत मांडली आणि त्यातून पुढे कोरड्या काचा आल्या.

जिलेटिन-ब्रोमाईडचे हे मिश्रण, म्हणजे इमल्शन, आजही बाटलीत मिळते. लाल दिव्याखाली ते कोमट करून पातळ करायचे, ओतायचे, सुकवायचे. मग फोटो पाडून आधी डेव्हलपर आणि नंतर चित्र पक्के करणारा हायपो. चांदी कशावरही काळी पडते, अडते ते जिलेटिनपाशी. गुळगुळीत काचेवरून ते सोलून निघते, म्हणून आधी क्रोम अ‍ॅलम घातलेल्या पातळ जिलेटिनचा हात द्यावा लागतो. चकचकीत टाइलवर पॉलियुरेथेन व्हार्निश चालते. कुंभाराकडची झिलई नसलेली ताटली तर हायपो पिऊन बसते आणि पुढे चित्र पिवळे पाडते. तिलाही आधी व्हार्निश हवेच. त्या ताटलीत जेवू मात्र नका, आणि ती पुन्हा भट्टीतही घालू नका.

नगरच्या एप्रिल-मेमध्ये हे करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. नळाचे पाणी कोमट असले की जिलेटिन फुगते, कडेने चुण्या पडतात आणि सगळा थर वाहून जातो. डिसेंबर-जानेवारी धरा.

उन्हाळ्यातच हौस भागवायची तर कागद घ्या. मिठाचे पाणी लावून सुकवलेल्या जाड कागदावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचे, तेही डिस्टिल्ड वॉटरमधलेच. बोअरच्या क्षारांनी ते दुधाळ होते. हातमोजे आणि चष्मा घाला. ते कातडीवर काळे डाग पाडते, आणि डोळ्यांत गेले तर इजा गंभीर होते. डार्करूम लागत नाही, वर निगेटिव्ह ठेवली की नगरचे ऊन पुरते. चित्र गडद झाले की धुवायचे, मग हायपो, आणि पुन्हा भरपूर पाणी.

आजोबांची मूळ काच मात्र या कागदावर ठेवू नका. ओल्या सिल्व्हर नायट्रेटचे तिच्यावर कायमचे डाग पडतात. ती खिडकीसमोर धरून मोबाईलने फोटो काढा आणि पारदर्शक फिल्मवर जसाच्या तसा छापून घ्या. ती फिल्म कागदावर ठेवली की काम होते. काचा कडांनी धरा, पाण्याने पुसू नका आणि एकेक कागदात गुंडाळून उभ्या ठेवा.