दुव्यांच्या जाळ्यातली नक्षी

ग्राफ थिअरी म्हटली की आपल्याला परीक्षेतले मार्कच आठवतात. पण हाच विषय एखाद्या संकेतस्थळाला लावून बघा, फार कामाचा आहे. पान म्हणजे बिंदू आणि लिंक म्हणजे बाण, एवढंच धरायचं. कागदावर काढत गेलात की त्याच त्या आकृत्या पुन्हा पुन्हा दिसू लागतात.

'पुढे' आणि 'मागे' अशी बटणं असली की साखळी तयार होते. मुख्य पानावरून विभाग, विभागातून उपविभाग, हे झालं झाड. प्रत्येक पानावर तोच मेनू असेल तर मेनूतली सगळी पानं एकमेकांना जोडली जाऊन गुच्छ बनतो. आणि ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ते अनाथ पान.

मी एका संस्थेच्या संकेतस्थळाचा असा नकाशा काढला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पान सर्व्हरवर होतं, शेवटची तारीखही त्यावर होती. पण कुठल्याच पानावरून तिथे लिंक नव्हती. ज्याला कुणी पत्ता पाठवला तोच पोचणार. ओळखीपाळखी नसलेल्या मुलाने काय करायचं? गंमत म्हणजे मुख्य पानापासून शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमला हे पान कधीच भेटत नाही. सर्व्हरवरच्या फायलींची यादी आणि प्रोग्रॅमने गाठलेल्या पानांची यादी, दोन्ही ताडून पाहिल्या तेव्हाच ते सापडलं.

हाच प्रकार साऱ्या महाजालात दिसतो. सन 2000 मध्ये आंद्रेई ब्रॉडर आणि सहकाऱ्यांनी 20 कोटींहून अधिक पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकृती निघाली बो-टायसारखी. मधल्या गाठीत सुमारे 5.6 कोटी पानं होती, त्यातल्या कुठूनही कुठेही जाता येत होतं. एका बाजूची पानं गाठीत नेत, पण गाठीतून तिकडे परत वाट नाही; दुसऱ्या बाजूला जाता येई, परतता येत नसे. कुठलीही दोन पानं घेतली तर चारपैकी साधारण तीन वेळा एकाकडून दुसऱ्याकडे वाटच नव्हती!

आणखी एक नक्षी बघण्यासारखी आहे. एकाच धंद्यातल्या कंपन्या एकमेकांना लिंक देत नाहीत. पण तिसरेच लोक आपल्या यादीत दोघींना शेजारी बसवतात. हॉस्टेलमधले सीनियर्स पुस्तकं सुचवतात तसंच हे. जॉन क्लाइनबर्ग यांनी 1999 च्या निबंधात हेच गणितात मांडलं. चांगली यादी ती, जी चांगल्या पानांकडे नेते; आणि चांगलं पान ते, ज्याकडे चांगल्या याद्या नेतात. एकाच साइटच्या आतल्या लिंका त्यांनी वगळल्या, कारण मेनू म्हणजे शिफारस नव्हे.

करून बघायचं असेल तर सोपं आहे. 'ए' मॅट्रिक्समध्ये पान 'आय'कडून 'जे'कडे लिंक असेल तिथे 1 लिहा, नसेल तिथे 0. पूर्ण शून्याचा स्तंभ म्हणजे अनाथ पान. 'ए'च्या ट्रान्सपोजला 'ए'ने गुणलंत की कुठल्या दोन पानांचा उल्लेख किती ठिकाणी एकत्र होतो ते कळतं. गाठ शोधायला टार्जन यांचा 1972 चा अल्गोरिदम आहेच.

यंदा प्रोजेक्टला विषय मिळत नसेल त्यांनी हाच घ्यावा. एखादं हरवलेलं पान सापडलं, तरी कुणाचा तरी अर्ज वेळेत जाईल.