सहरीचे घड्याळ आणि अमानतीचा हिशेब



गेल्या रमजानमध्ये पाचव्या रोज्याच्या दिवशी जुहरच्या नमाजनंतर आमच्या बार्शीतील एक तरुण मशिदीत थांबून राहिला. त्याचे घर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आहे. तेथपर्यंत अजानचा आवाज पोहोचत नाही. त्यामुळे घरातील सर्वजण त्याच्या मोबाईलमधील नमाजच्या ॲपवर विसंबून सहरी संपवीत. त्या दिवशी मशिदीच्या भिंतीवरील छापील वेळापत्रकाशी त्याने मोबाईल सहज ताडून पाहिला. मोबाईल सहरीची अखेर चोवीस मिनिटे उशिरा दाखवत होता.

"मौलाना, माझे पाच रोजे गेले ते गेले, पण दादीचेही गेले. तिने शेवटचा घोट मला विचारूनच घेतला. ही चूक माझी की ॲपची?" असे त्याने विचारले.

रोज्यांपुरते उत्तर स्पष्ट आहे. रात्र बाकी आहे अशा समजुतीने खाल्ले आणि सुब्ह सादिक झाली होती हे नंतर कळले, तर हनफी फिकहनुसार त्या रोज्याची कजा करावी लागते. कफ्फारा लागत नाही. ते मी त्याला सांगितले. परंतु चूक कोणाची, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. आज घराघरांत नमाजची वेळ, किब्ल्याची दिशा आणि कुरआनचे पठण मोबाईलवर आले आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधले पाहिजे.

चोवीस मिनिटे कोठून आली?

सूरह अल-बकराच्या १८७ व्या आयतीत सहरीची मर्यादा पहाटेच्या पांढऱ्या आणि काळ्या धाग्याच्या रूपकातून सांगितली आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी ते शब्दशः घेतले, दोन खरेखुरे धागे उशाखाली ठेवले आणि रात्री ते पाहत राहिले. बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की हे रात्रीच्या काळोखाविषयी आणि दिवसाच्या उजेडाविषयी आहे. येथे आपल्यासाठी एक धडा आहे. खूण आकाशात आहे आणि हातातील वस्तू केवळ साधन आहे. साधनाचा अर्थ चुकीचा लावला, तर हेतू शुद्ध असूनही वेळ चुकते.

आता मोबाईलचे गणित पाहू. मुंबईपेक्षा बार्शी सुमारे पावणेतीन रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, या हिशेबाने बार्शीत पहाट आणि सूर्यास्त दोन्ही मुंबईच्या सुमारे अकरा मिनिटे आधी होतात. त्या तरुणाने ॲपला स्थान पाहण्याची परवानगी दिलेली नव्हती. त्याने बार्शी हे नाव स्वतः भरले होते. मध्यंतरी ॲपची नवी आवृत्ती आली आणि तिने सर्व नोंदी गुपचूप मूळ स्थितीवर नेल्या. बार्शीच्या जागी मुंबई आले. ही झाली अकरा मिनिटे.

उरलेली तेरा मिनिटे गणनापद्धतीची होती. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना फजर सुरू होते, यासाठी ॲपमध्ये निरनिराळ्या पद्धती असतात. आपल्याकडे सामान्यतः १८ अंश धरतात. उत्तर अमेरिकेतील एक प्रचलित पद्धत १५ अंश धरते. बार्शीच्या अक्षांशावर या तीन अंशांचा फरक ऋतूनुसार सुमारे तेरा ते पंधरा मिनिटे होतो. नव्या आवृत्तीने पद्धतही बदलली होती. अस्रच्या वेळेतही असेच घडते. शाफई आणि हनफी गणनेत आपल्या भागात वर्षभरात पाऊण ते सव्वा तासाचे अंतर राहते, आणि पुष्कळ ॲप न विचारताच त्यांतील एक निवडून टाकतात.

म्हणजे सॉफ्टवेअरमधील एक दोष आणि कोठेतरी दूर बसून कोणीतरी ठरवलेली एक पद्धत, या दोहोंनी मिळून एका घराचे पाच दिवसांचे रोजे बिघडवले. त्यामागे दुष्टावा नव्हता, पण निष्काळजीपणा निश्चित होता.

स्थान ही अमानत आहे

ते ऐकून तरुण म्हणाला, "मग स्थानाची परवानगी दिली असती तर बरे झाले असते!" ही दुसरी बाजूही आपण जाणून घेतली पाहिजे.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तसंस्थेने एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. जगभर कोट्यवधी वेळा उतरवून घेतलेले 'मुस्लिम प्रो' हे नमाजचे ॲप आपल्या वापरकर्त्यांच्या स्थानाची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीला देत होते. ती कंपनी अशी माहिती ठेकेदारांना विकत होती, आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होती. आपण लष्कराला थेट काही विकले नाही, असे 'मुस्लिम प्रो'ने सांगितले आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. डिसेंबर २०२० मध्ये ॲपल आणि गूगल यांनी एक्स-मोडचा संच ॲपमधून काढून टाकण्याचे आदेश दिले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची स्थानमाहिती विकण्यास मनाई केली. प्रार्थनास्थळे अशा ठिकाणांतच मोडतात.

वाचकहो, क्षणभर विचार करा. मनुष्याने नमाजसाठी आपले स्थान सांगितले. ते केवळ एका कामासाठी दिले होते. ते दुसऱ्या कामासाठी वापरणे यालाच आपल्या दीनमध्ये खयानत म्हणतात. सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आदेश आहे. अमानत म्हणजे केवळ सोने आणि पैसा नव्हे. सांगितलेली गोष्ट, दाखवलेले घर, कळलेला पत्ता या साऱ्याही अमानतीच आहेत.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. बार्शीच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकल्याने नमाजच्या वेळेत फार तर दोन-सव्वादोन सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे वेळ सांगण्यासाठी ॲपला आपल्या गावाचे नाव पुरेसे आहे. आपण कोणत्या गल्लीत राहतो, दिवसभर कोठे फिरतो आणि रात्री कोठे झोपतो, हे त्याला कळण्याचे काहीही कारण नाही. किब्ल्यासाठीही तेच. बार्शीतून किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे साडेअकरा अंशांवर आहे, आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो जाणवण्याइतका बदलत नाही. गरजेपेक्षा जास्त मागणारा कशासाठी मागतो आहे, हे विचारण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे.

परवानगीचा अदब

सूरह अन-नूरच्या २७ व्या आणि २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घेण्याचा नियम आहे. परत जा असे सांगितले गेले, तर परत जाण्याचा आदेशही तेथेच आहे. हदीसमध्ये हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. एका माणसाने प्रेषितांच्या (स.) दालनात फटीतून डोकावले, तेव्हा परवानगीचा हा नियम मुळात नजरेसाठीच असल्याचे त्यांनी बजावले. पाऊल घरात पडले नाही तरी नजर शिरली, एवढेही पुरेसे आहे. आज ॲपची नजर भिंतीतून नव्हे, खिशातून शिरते.

परवानगी मागितली म्हणजे अदब पाळला, असेही नाही. "नाही" म्हणण्याची खरी मुभा असेल तरच ती परवानगी. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपले नवे गोपनीयता धोरण पुढे ठेवले. ते मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा त्याचा रोख होता. आपल्याकडे जमातची सूचना, जनाजाची खबर, मदरशाचा निरोप सारे त्याच मार्गाने जाते. ते सोडणार कसे? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच प्रकरणी मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत व्यवहाराला परस्पर राजीखुशीची अट घातली आहे. नाइलाजाने दाबलेले बटण ही राजीखुशी नव्हे.

बनवणाऱ्यांवरही अन्याय होतो, आणि त्यांची जबाबदारीही आहे

आपल्यातील अनेक मुले-मुली आज पुण्यात आणि मुंबईत संगणकाचे काम करतात. हा भाग विशेषतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

ॲप बनवणारा प्रत्येक ओळ स्वतः लिहीत नाही. जाहिरात, नकाशे, मोजणी यांसाठी तो इतरांनी तयार केलेले संच जोडतो. काही कंपन्या असा संच जोडण्यासाठी त्याला पैसेही देतात. एप्रिल २०२२ मध्ये उघड झाले की अशाच एका संचामुळे फोन नंबर, ईमेल आणि स्थान अशी माहिती बाहेर जात होती. गूगलने तो संच असलेली ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. त्यांत नमाजच्या वेळा सांगणारे आणि किब्ला दाखवणारे ॲपही होते. संच काढल्यावर त्यांना परत येण्याची मुभा होती. "आम्हाला आत काय आहे ते ठाऊक नव्हते," हे म्हणणे खरेही असू शकते. परंतु अबू दाऊदमधील एका हदीसचा आशय असा आहे की वैद्यक न जाणता जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार ठरतो. न तपासलेले औषध पाजणारा आणि न तपासलेला संच लोकांच्या खिशात घालणारा, या दोघांची स्थिती वेगळी कशी म्हणावी?

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी हवा. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादावरून काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून हटवली. मुंबईची शादी डॉट कॉम त्यांतील एक होती. नियम सर्वांना सारखे आहेत आणि या कंपन्यांना पुरेसा अवधी दिला होता, असे गूगलचे म्हणणे होते. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती ॲप परत आली. वाद कोणाचा खरा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण एका दारावर एवढी सत्ता एकवटली, तर दारातून जाणारा लहान व्यावसायिक किती अगतिक होतो, ते दिसून आले.

बार्शीकरांना हे समजणे अवघड नाही. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते, आणि कुर्डुवाडीला मिळणारा मुख्य मार्ग रुंद होता. डबे एका रुळावरून दुसऱ्यावर जात नसत. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. रुळांची रुंदी ज्याच्या हाती, त्याच्या सोयीने साऱ्यांना चालावे लागते. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे. आमच्या आडत बाजारातील काट्याला जो नियम लागू, तोच प्ले स्टोअरच्या काट्यालाही लागू आहे.

आपण काय करावे?

पहिले, नमाजच्या ॲपमध्ये शहर स्वतः निवडा. स्थानाची परवानगी द्यावी लागलीच, तर ती ॲप वापरतानापुरतीच आणि ढोबळ स्थानाची द्या. मोबाईलच्या सेटिंगमध्ये हे दोन्ही पर्याय असतात.

दुसरे, गणनापद्धत आणि अस्रचा मसलक तपासा. ॲपची नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासा. रमजानच्या पूर्वसंध्येला तर अवश्य. हिजरी तारखेसाठी ॲपवर नव्हे, आपल्याकडील चांद दिसण्याच्या घोषणेवर विसंबा.

तिसरे, मोबाईलमधील होकायंत्र लोखंड आणि चुंबक यांमुळे भरकटते. कव्हरला चुंबक असेल तर ते काढा, आणि जवळच्या मशिदीच्या दिशेशी ताडून पाहा.

चौथे, मशिदीचे छापील वेळापत्रक घरात लावा. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या खबरीची खातरजमा करण्याची शिकवण आहे. यंत्राने दिलेली वेळ ही देखील एक खबरच आहे.

पाचवे, माहितीचा दुरुपयोग झाल्यास गप्प बसू नका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. आपला हक्क मागणे हे तक्रारखोरपणाचे लक्षण नाही. जुलूम करणाऱ्याचा हात रोखणे हीदेखील त्याला केलेली मदतच, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे.

शेवटी त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. चूक तुझी की ॲपची? मी त्याला म्हणालो, "बेटा, हिशेब वाटला जाईल. ज्यांनी न सांगता तुझ्या नोंदी बदलल्या, त्यांनी अमानतीत हयगय केली. भिंतीवरचे वेळापत्रक दिसत असताना तू पाच दिवस ते ताडून पाहिले नाहीस, एवढा वाटा तुझा." तो मान खाली घालून ऐकत होता. वय पाहता दादीला पुढे रोजे झेपलेच नाहीत, तर फिदया देण्याची सवलत आहे, हेही मी सांगितले. दादीने ती घेतली नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यावर तिने पाचही रोजे पूर्ण केले. प्रत्येक सहरीला नातू मोबाईल बाजूला ठेवून भिंतीवरील वेळापत्रक तिला मोठ्याने वाचून दाखवीत असे.

अल्लाह तआला आपल्या इबादतींची राखण करो, आणि आपल्या हातांनी कोणाच्याही अमानतीला धक्का लागू न देवो. आमीन.