साथीच्या काळांतील मरण आणि सोबत
(अभ्यासपाठ)

असाध्य दुखण्यानें गांजलेल्या माणसास, त्यानें स्वतः मागितल्यावरून, वैद्याच्या साहाय्यानें मरण यावें अशी मुभा कांहीं देशांच्या कायद्यांनीं दिली आहे. ती योग्य कीं अयोग्य, ह्याविषयीं सुज्ञ जनांत मोठा मतभेद आहे. त्या वादाचा निकाल लावण्याचा आज आमचा हेतु नाहीं. २०२० सालीं कोरोनाची महामारी आली, तेव्हां अशा रोग्यांवर व त्यांच्या घरच्यांवर कोणता प्रसंग गुदरला, एवढेंच आपण पाहूं. आजाऱ्याच्या भेटीस जाणाऱ्या प्रत्येकास त्यांत शिकण्याजोगें आहे.

१. कॅनडा देश. तेथें हा कायदा १७ जून २०१६ रोजीं झाला. आरंभींचे नियम असे होते: रोग्यानें लेखी अर्ज करावा, ज्यांस त्याच्या मरणानें लाभ होणार नाहीं अशा दोघांनीं साक्ष घालावी, दोघां जाणत्यांनीं त्यास निरनिराळें तपासावें, आणि सही झाल्यावर दहा दिवस थांबावें, म्हणजे मन फिरविण्यास त्यास अवकाश राहील. मरण किंवा बेशुद्धि अगदीं जवळ असेल तरच ही मुदत कमी करतां येई.

मार्च २०२० मध्यें रुग्णालयांचीं व वृद्धाश्रमांचीं दारें भेटणारांस बंद झालीं. मग परका साक्षीदार खाटेजवळ कसा यावा? कित्येकांची साक्ष व तपासणी व्हिडिओच्या पडद्यावरून झाली. कांहीं ठिकाणीं ही सेवा कांहीं काळ थांबलीहि. परदेशीं असलेल्या मुलास तर आणखी अडचण. देशांत पाऊल टाकतांच त्यास १४ दिवस एकांतांत राहावें लागे. आईनें मरणाचा दिवस नेमिला असला, तरी मुलगा त्या दिवशीं दाराशीं पोहोंचेल असें नव्हतें. दयेच्या कारणास्तव ह्या नियमांत सवलत मिळाली ती ऑक्टोबर २०२० मध्यें.

२. इंग्लंड व स्वित्झर्लंड. इंग्लंडांत कोणास आत्मघातास साहाय्य करणें हा १९६१ च्या कायद्यान्वयें गुन्हा होता, आणि त्यास १४ वर्षांपर्यंत कैद होती. म्हणून कित्येक रोगी स्वित्झर्लंडास जात. कारण स्वार्थी हेतु नसल्यास तेथें असें साहाय्य दंडनीय नाहीं. महामारींत प्रवासच बंद पडला. ५ नोव्हेंबर २०२० रोजीं आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक ह्यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, ह्या कारणासाठीं परदेशीं जाण्यास टाळेबंदीच्या नियमांची आडकाठी नाहीं. तरी विमान मिळणें व अशक्त देहानें प्रवास करणें हें कांहीं सोपें झालें नाहीं.

३. आंकड्यांविषयीं सावधगिरी. कॅनडांत अशीं मरणें २०१९ सालीं ५,६०० हून अधिक, व २०२० सालीं सुमारें ७,६०० झालीं. ह्यावरून महामारीनेंच तीं वाढविलीं असें कोणी म्हणेल. परंतु तो संख्या पूर्वींपासूनच दरवर्षीं वाढत होती. तसेंच १७ मार्च २०२१ च्या नव्या कायद्यानें, ज्यांचें मरण जवळ आहे अशांची दहा दिवसांची मुदत काढिली व एकच साक्षीदार पुरे केला. पण त्या कायद्याचें मूळ क्वेबेक प्रांतांतील २०१९ च्या एका निकालांत होतें. एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिलीच तिचें कारण, असें समजूं नये.

४. आपला देश. भारतांत औषध देऊन मरण आणण्यास कायद्याची मुभा नाहीं. मात्र आशा संपल्यावर केवळ यंत्रांनीं जीव लांबवूं नये, असें आधीं लिहून ठेवण्याची मोकळीक सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं दिली, व २०२३ सालीं तिची रीत सोपी केली. हे दोन प्रकार एकच समजूं नयेत.

परंतु एक दुःख सर्व देशांत सारखेंच होतें. आपल्या महाराष्ट्रांतहि २०२० व २०२१ सालीं किती घरच्यांस दाराबाहेरच उभें राहावें लागलें! मरण मागणारा असो कीं जगूं पाहणारा, शेवटच्या घटकेस ओळखीचा हात हातीं असावा, ही इच्छा दोघांचीहि एकच.

म्हणून, बंधुभगिनींनो, कोणी आजारी “आतां मरण बरें” असें म्हणाला, तर त्यास धाकानें गप्प करूं नका, किंवा लागलीच होकारहि देऊं नका. वेदना फार आहेत काय, एकटेपणा आहे काय, घरावर भार झालों असें वाटतें काय, हें शांतपणें विचारा. वेदनेवर औषध आहे, तें वैद्याकडून आणवा. एकटेपणावर औषध आपण स्वतः आहों.

विचारासाठीं प्रश्न
(१) दहा दिवसांची मुदत कशासाठीं होती? ती काढल्यानें लाभ कोणता व भय कोणतें?
(२) उपचार थांबविणें व मरण आणणें ह्यांत भेद काय?
(३) आपल्या गांवीं कोणता आजारी ह्या आठवड्यांत कोणालाहि भेटला नाहीं?